षटकार मोजता, मग देणगीही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या नवी मुंबईच्या पट्ट्यात टेनिस चेंडूच्या क्रिकेटचा हंगाम सुरू झाला आहे. कामोठे, खारघर, तळोजा, उलवे, तिकडे दिवा-कळव्यापर्यंत कुठेही जा, शनिवार-रविवारी मोकळ्या भूखंडावर मंडप, चुन्याच्या रेषा आणि कानठळ्या बसवणारा माइक ठरलेला. या स्पर्धांमध्ये मी स्कोअरिंग करतो. नोकरी बँकेत झाली, त्यामुळे आकडा लगेच लिहायचा आणि पैसे हलले की पावती मागायची, या दोन सवयी हाडात मुरल्या आहेत. हल्लीची मुले मोबाइलच्या ॲपवर स्कोअर टाकतात. मी ॲपही भरतो आणि शेजारी वहीसुद्धा ठेवतो, कारण ऐन शेवटच्या षटकात मोबाइलची बॅटरी जाते हे मी पाहिले आहे.

पत्राचे कारण वेगळे आहे. गेल्या काही हंगामांपासून जवळजवळ प्रत्येक स्पर्धेच्या पत्रिकेवर चषकाच्या नावाखाली 'सामाजिक बांधिलकी जपत' अशी एक ओळ असते. सोबत एखाद्या नामवंत खेळाडूचा फोटो, त्याच्या फाउंडेशनचे बोधचिन्ह आणि 'प्रमुख उपस्थिती'. २ नोव्हेंबर २०२५ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हापासून तर आमच्या आयोजकांना पाहुणी म्हणून महिला क्रिकेटपटूच हवी असते. त्यात वाईट काहीच नाही. पण बांधिलकी जपली म्हणजे नेमके काय केले, किती केले, कोणासाठी केले, हे स्कोअररच्या टेबलावर बसूनही मला कधी कळले नाही.

एका स्पर्धेत तर मी हे सगळे दोन हातांच्या अंतरावरून पाहिले. (नावे लिहीत नाही; मुद्दा त्या एका माणसाचा नाही.) पाहुण्यांना उशीर झाला म्हणून उपांत्य सामना पाचव्या षटकात थांबवला. जवळच्या वस्तीतल्या मुलांना सकाळपासून रांगेत बसवले होते. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह झाले, फोमच्या पाट्यावर छापलेला खाटेएवढा धनादेश चौघांनी मिळून धरला, मुलांच्या हातात किटबॅगा दिल्या, ड्रोन वरून फिरून गेला. पाहुण्यांची गाडी मैदानाबाहेर पडली आणि दोन कार्यकर्ते रांगेतून किटबॅगा परत गोळा करू लागले. "नंतर शाळेत देणार आहोत," असे मुलांना सांगितले. एका पोराने बॅगेतून ग्लोव्हज काढून हातात घातले होते. त्याच्या हातातून ते एकेक बोट सोडवत काढून घेतले. नंतर शाळेत दिले असतीलही. पण तो धनादेश कोणाच्या नावाने होता हे वाचायचा मी प्रयत्न केला, तेव्हा त्यावर संस्थेच्या नावाच्या जागी स्पर्धेचेच नाव दिसले.

आता दुसरी बाजू, कारण ती आमच्याच खारघरमध्ये आहे आणि आमच्याच लोकांना फारशी ठाऊक नाही. खारघरला श्री सत्य साई संजीवनी हे लहान मुलांच्या हृदयविकारांचे रुग्णालय आहे. जन्मतः हृदयाला छिद्र असलेली, झडपेत किंवा रक्तवाहिन्यांच्या रचनेत दोष असलेली मुले तिथे येतात. तपासणी, शस्त्रक्रिया सगळे मोफत. बिल भरायची खिडकीच नाही. सुनील गावसकर या कामाशी बरीच वर्षे जोडलेले आहेत, त्यासाठी अमेरिकेत फिरून त्यांनी निधीही गोळा केला. १० जुलै २०२० ला, आपल्या ७१व्या वाढदिवशी, त्यांनी तिथल्या ३५ मुलांच्या शस्त्रक्रियांचा खर्च उचलला. ३५ का, तर भारतासाठी त्यांची शतके ३५: कसोटीत ३४ आणि एकदिवसीय सामन्यांत एक, १९८७ च्या विश्वचषकात नागपूरला न्यूझीलंडविरुद्धचे. त्याच वर्षी करोनासाठी त्यांनी ५९ लाख दिले, तेही याच हिशेबाने: भारताच्या ३५ शतकांचे ३५ लाख पंतप्रधानांच्या निधीला आणि मुंबईच्या २४ शतकांचे २४ लाख मुख्यमंत्र्यांच्या निधीला.

स्कोअररला यापेक्षा सुंदर देणगी कोणती दिसणार? आकडा आधीच ठरलेला, सगळ्या जगाला तोंडपाठ, त्यात एकाचीही खाडाखोड करायची सोय नाही. आणि पलीकडच्या बाजूलाही मोजता येणारीच गोष्ट आहे. शस्त्रक्रिया झाली म्हणजे झाली. तिला 'उपक्रम राबवला' असे मोघम म्हणता येत नाही.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. गावसकरांनी इथे स्वतःच्या नावाचे रुग्णालय काढले नाही. जे हात आधीच काम करत होते, त्यांच्या मागे ते उभे राहिले. सचिन तेंडुलकरनेही आपले फाउंडेशन स्थापन करण्याच्या कितीतरी आधीपासून गोवंडीत काम करणाऱ्या 'अपनालय' संस्थेमार्फत दरवर्षी २०० मुलांचा भार उचलला. नावाची पाटी नंतर आली, काम आधी. आमच्याकडे बरेचदा बोधचिन्ह आधी तयार होते आणि त्याला शोभेल असे काम मग शोधले जाते.

खारघर स्टेशनबाहेर एकदा एक जोडपे माझ्याबरोबर रिक्षात बसले, गंगाखेडकडचे. आईच्या मांडीवर तीनेक वर्षांची मुलगी, अंगाने दीड वर्षाची वाटेल अशी, नखे निळसर. बापाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक्स-रे आणि सोनोग्राफीसारख्या कागदांची जाडजूड फाइल. मुलगी पाजताना घामाघूम व्हायची, वजन धरत नव्हती, अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि 'मोठ्या ठिकाणी दाखवा' म्हणाल्या. (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली ही पथके, वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात. त्यांचे कौतुक कोणत्याच पत्रिकेवर नसते.) बापाने मला हळूच विचारले, "काका, हे फुकटच हाय ना? मागून मागणार तर न्हाईत?" मी काही बोलायच्या आत रिक्षावाला म्हणाला, "तिथं नाही मागत. पैसे फक्त माझे द्यायचे." आणि उतरताना तेही त्याने घेतले नाहीत. माझ्याकडून मात्र पूर्ण घेतले, ते बरोबरच.

त्या बापाची शंका मला फार खरी वाटली. फुकट मिळणाऱ्या वस्तूमागे काहीतरी काटा असणार, हे गरीब माणूस अनुभवाने शिकलेला असतो. रांगेतून किटबॅगा परत घेणारे त्याला तेच शिकवतात.

नामवंतांची नुसती प्रसिद्धीही कधीकधी देणगीइतकीच मोलाची असते, हे मला मान्य आहे. युवराज सिंगने स्वतः कर्करोगातून उठून २०१२ मध्ये कर्करोगाबाबत काम करणारे 'यूवीकॅन' फाउंडेशन सुरू केले. त्याच्यासारख्या धट्ट्याकट्ट्या माणसाने 'वेळेत तपासून घ्या' म्हटले की जे लोक ऐकतात, ते दहा पत्रकांनी ऐकणार नाहीत. तिथे फोटो हवाच. पण त्या फोटोमागे तपासणी असते.

दानाची गंगा खेळाडूंकडून समाजाकडेच वाहते असे समजण्याचेही कारण नाही. कुस्तीगीर खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकला पाठवायला पैसे कोणी दिले? गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, आणि परत आल्यावर कुस्तीचे फड घेऊन ते घर सोडवले. कुठलीही संस्था नाही, बोधचिन्ह नाही, पण येणे-देणे चोख. पुल्लेला गोपीचंदनेही हैदराबादच्या बॅडमिंटन अकादमीसाठी आपले राहते घर गहाण टाकले होते.

आज खेळाडूच्या फाउंडेशनमधला पैसा नेहमी त्याच्या खिशातलाच असतो असेही नाही. ठरावीक उलाढालीवरच्या किंवा नफ्यावरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. त्यातला पैसा अशा फाउंडेशनकडे येऊ शकतो. येऊ द्या, नाव मोठे असले की दारे उघडतात. पण मग तो पैसा एका परीने लोकांचा झाला आणि लोकांनी विचारले तर कपाळाला आठ्या घालू नयेत. आपल्या राज्यात न्यासांवर धर्मादाय आयुक्त आहेत, लेखापरीक्षण करून हिशेब दाखल करावा लागतो. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठीही त्यांची परवानगी काढायची असते. क्रिकेटच्या मंडपात मात्र माइकवरून जाहीर झालेली देणगी हवेत विरते.

आणि जाहीर किती होते! आमचा समालोचक दर दोन षटकांनी ओरडतो: "पुढच्या षटकाराला अमुकशेठांकडून पाचशे रुपये!" "हॅट्ट्रिकला तमुकभाऊंकडून दोन हजार!" मालिकावीराला दुचाकी, अंतिम सामन्याला लाखाचे बक्षीस, माणसाच्या छातीला लागेल एवढा चषक. यातला खेळाडूंना मिळणारा एक रुपयाही कमी करा असे मी म्हणणार नाही. ही पोरे आठवडाभर कुरियर वाटतात, न्हावा-शेवा बंदराच्या कंटेनर यार्डात राबतात, आणि रविवारी हाता-गुडघ्यांची सालटी काढून झेल घेतात. त्यांचे ते हक्काचे.

माझे म्हणणे एवढेच, की पत्रिकेवर सामाजिक बांधिलकी छापायची असेल तर तीही अशीच माइकवर आकड्यात बोला. स्पर्धेतल्या प्रत्येक षटकारामागे शंभर, पन्नास, जे झेपेल ते, अमुक रुग्णालयाला, अमुक आश्रमशाळेला. संस्थेचे नाव पहिल्या चेंडूआधी जाहीर. षटकार किती झाले हे माझ्या वहीत असते, दोन्ही संघांच्या सह्या त्याखाली असतात, त्यामुळे आयोजकांना आकडा फुगवता येणार नाही आणि आटवताही येणार नाही. पैसे फोमच्या पाट्यावर न देता बँकेतून थेट संस्थेच्या खात्यात पाठवा. २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, त्यामुळे शेठमंडळींनाही तेच सोयीचे. पावती आली की पुढच्या रविवारी गुणफलकाला चिकटवा. नामवंत पाहुण्यांना बोलवायचे तर बोलवा. त्यांनी रिबिन कापण्याऐवजी ती पावती वाचून दाखवावी. बहुतेक खेळाडूंना हे आवडेल असा माझा अंदाज आहे. स्वतःची धावसंख्या चुकीची लागली तर सीमारेषेवरून हातवारे करणारी ही जमात आहे, त्यांना आकड्याचा राग नसतो.

मैदान देणाऱ्यांनाही यात एक काम आहे. सिडको असो की महापालिका, मैदानाच्या परवानगीच्या अर्जात ध्वनिक्षेपक, मंडप, अग्निशमन असे सगळे विचारतातच. तिथे आणखी एक ओळ टाकायला हरकत नाही: मागच्या वर्षी जाहीर केलेल्या देणगीची पावती जोडा.

आणि संपादक महाशय, एक विनंती आपल्यालाही. स्पर्धा संपल्यावर सोमवारी आयोजकांकडून आपल्या कार्यालयात बातमी आणि फोटो येतात, मजकूर बहुधा मीच टाइप करून दिलेला असतो. त्यात 'गरजूंना मदतीचा हात' असे काही असेल, तर छापण्याआधी त्यांच्याकडे पावतीची प्रत मागा. आली तर संस्थेचे नाव आणि रक्कम छापा. नाही आली तर नुसता निकाल छापा. तो मी बिनचूक दिलेला असेल.

कृपया माझे नाव प्रसिद्ध करू नये. मार्चपर्यंतच्या स्पर्धा मी आधीच घेऊन ठेवल्या आहेत.

आपला,
एक स्कोअरर,
कामोठे, नवी मुंबई