दोनशे ग्रॅम कमी

काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव घालत नाही. "लिहा काय लिहायचं ते, पण नाव नको. उद्या अख्खा नौपाडा विकलेली पुस्तकं परत मागायला येईल," असं तुम्हीच बजावलंत. म्हणून नुसतं काका. ठाण्यात राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीतलं, निळ्या ताडपत्रीखालचं, आत शिरताना मान वाकवावी लागते असं रद्दीचं दुकान ज्यांना ठाऊक आहे ते ओळखतील.

मागच्या जूनमध्ये लेक दहावीत गेली. शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी मी कपाट आवरायला काढलं आणि तिच्या खणातली सगळी जादूची पुस्तकं पिशवीत भरून तुमच्याकडे आणली. जादूगार, चेटकिणी, बोलणारी अस्वलं. दहावीच्या वर्षात हे सोंग हवंय कशाला, असा माझा हिशोब. तुम्ही तोललीत. साडेचार किलो. वह्या-पुस्तकांना पेपरपेक्षा भाव कमी, किलोला दहा. ४५ रुपये हातावर ठेवता ठेवता तुम्ही विचारलंत, "घरात विचारलंय ना?" मी हो म्हटलं. खोटं बोलले.

लेकीनं आकांडतांडव केलं असतं तर परवडलं असतं. तिनं रिकामा खण बघितला, ओल्या फडक्यानं पुसून काढला आणि त्यात भूमितीची गाइडं ओळीनं लावली. पुढचे चार दिवस ती माझ्याशी "हो", "नाही" आणि "डबा नको" एवढंच बोलली. पाचव्या दिवशी ऑफिसातून परस्पर तुमच्या दारात आले. तुम्ही काही न विचारता फळीखालून सुतळीनं बांधलेला गठ्ठा ओढलात. "असली पुस्तकं आठ दिवस पुढे पाठवत नाही मी. आया परत येतात."

मग गठ्ठा पुन्हा तागडीत घातलात आणि तुमच्या कपाळाला आठी पडली. "चार किलो तीनशे. दोनशे ग्रॅम कमी आहे." पुस्तकं मोजली तर एक खरंच गायब. दुपारी दुकानात पुतण्या बसला होता, त्यानं कुणा कॉलेजच्या पोराला देऊन टाकलं होतं. तुम्ही माझ्याकडून ४३ रुपये घेतलेत, एक रुपया जास्त नाही, आणि म्हणालात, "ते राहिलेलं माझ्याकडे लागलं."

ही तुमची दोनशे ग्रॅमची उधारी. आजचं हे पत्र त्या उधारीबद्दल आहे.

गठ्ठा घरी आणल्यावर मला वाटलं, चला, मिटलं. लेक म्हणाली, "आधी एक तरी वाच. मग टाकायचं का ते ठरव." आता माझं वाचन म्हणजे मराठी. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे, त्यातली गेली वीस वर्षं मी तिथली सभासद. इंग्रजी कादंबरी कॉलेज सुटल्यापासून हातात धरली नव्हती. हे तुम्हाला सांगितलं तर तुम्ही फळीवरचा एक जाडजूड शब्दकोश काढून फुकट दिलात. त्याची सुरुवातीची पानं गेलेली. त्यामुळे ए आणि बीवरून सुरू होणारे शब्द मी अजूनही अंदाजानं वाचते, आणि फारसं काही बिघडलेलं नाही.

पहिलं वाचलं ते अर्सुला ले ग्विनबाईंचं 'अ विझार्ड ऑफ अर्थसी'. १९६८ सालचं. म्हणजे माझ्याहून वयानं मोठं. बेटाबेटांचा देश आहे आणि तिथं प्रत्येक वस्तूला, प्रत्येक माणसाला एक खरं नाव असतं. ते कळलं की त्याच्यावर तुमची सत्ता. म्हणून माणसं खरं नाव लपवतात, वापरायला दुसरं ठेवतात. यातला गेड नावाचा मुलगा तेरा वर्षांचा होतो तेव्हा त्याला नदीच्या गार पाण्यातून चालत यावं लागतं, आणि पलीकडच्या काठावर गुरू त्याचा दंड धरून खरं नाव हळूच सांगतो. मी पुस्तक मिटलं आणि हसत सुटले. अहो, हे तर बारसं! आत्या पाळण्यात वाकून कानात सांगते तेच. आणि माझी आजी? तिनं उखाण्याबाहेर आजोबांचं नाव जन्मात घेतलं नाही. रेशनच्या रांगेत कारकुनानं कुटुंबप्रमुखाचं नाव विचारलं की ती मागच्या बाईला कोपरानं ढोसायची, "तू सांग गं." अमेरिकेतल्या बाईला माझी आजी कुठं भेटली? मग लेकीनं सांगितलं की ले ग्विनबाईंचे वडील मानववंशशास्त्रज्ञ होते, घरात लोकांच्या चालीरीतींचा अभ्यास चालायचा. तेव्हा जरा उलगडलं.

या मुलाच्या हातून शाळेत निव्वळ फुशारकीपायी एक काळी सावली मोकळी सुटते आणि त्याच्या मागे लागते. पुढचं सांगत नाही. एवढंच की ते पुस्तक लेकीला परत करताना मी "सॉरी" म्हटलं, आणि तिनं डब्याला काय आहे ते विचारलं.

त्याच गठ्ठ्यात फिलिप पुलमन यांचं 'नॉर्दर्न लाइट्स' होतं, १९९५ चं. त्या जगात माणसाचा आत्मा शरीराबाहेर असतो, प्राण्याच्या रूपात कायम बरोबर. मूल लहान असेपर्यंत तो घडीघडीला रूप बदलतो, कधी पाखरू, कधी मांजर. वयात आलं की एक रूप ठरतं आणि मग तेच जन्मभर. हे मी वाचत होते तेव्हा घरात येणारा जाणारा लेकीला एकच विचारत होता, सायन्स की कॉमर्स? मी तिला विचारलं, तुझा प्राणी कुठला? म्हणाली, "ठरायचाय. घाई आहे का?" मी नाही म्हटलं. जूनमध्ये विचारलं असतंत तर हो म्हटलं असतं.

मधल्या काळात तुमचा शोध चालूच होता. हरवलेलं पुस्तक अर्थसीचाच दुसरा भाग, 'द टूम्ब्स ऑफ अटुआन'. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मी खूण सांगितली होती: पातळसं आहे, वर एक मुलगी आणि अंधार. एवढ्या भांडवलावर तुम्ही दर शनिवारी काहीतरी बाजूला काढून ठेवायचात आणि मी पेपरचा गठ्ठा टेकवला की विचारायचात, "हे का?"

ते नसायचं. पण रिकाम्या हातानं परतणं जमेना, म्हणून दहा-वीस रुपये देऊन आणलं ते वाचत गेले. माझ्या वर्षभराच्या वाचनाची यादी कुणी केली म्हणाल तर तुमच्या "हे का?"नं.

नौपाड्यात जुनी बिल्डिंग पाडायला निघाली की माळे रिकामे होतात, आणि दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की टॉवरमधली कपाटं. त्या ढिगातून तुम्ही निवडायचात कसं, हे मला मार्गशीर्ष उजाडेपर्यंत कळलं नव्हतं. एकदा विचारलं तेव्हा दोन पुस्तकं हातात दिलीत. "कणा बघा. या कण्यावर सुरकुत्या आहेत, म्हणजे कुणीतरी दोनदा-तीनदा वाचलंय. हे कोरं आहे, म्हणजे वाढदिवसाला आलेलं." पेपरातल्या परीक्षणांवरून मी आजवर जेवढी पुस्तकं आणली त्यापेक्षा या कसोटीनं कमी फसवलं. फसवलं एकदाच. सहाशे पानांचं ते धूड, कणा पार मोडलेला, म्हणून हौसेनं नेलं. आत एक राजकन्या, दोन देखणे योद्धे, कुणाला वरावं ते तिचं ठरत नाही आणि मधल्या वेळेत राज्य वाचवायचं असतं. मलपृष्ठावर चौकोनी वळ बघितला तेव्हा कळलं, ते कुणाच्या तरी कूलरच्या पायाखाली होतं.

सगळ्यात आवडलं ते टेरी प्रॅचेट यांचं 'द वी फ्री मेन', २००३ चं. त्यातली टिफनी नऊ वर्षांची. मेंढपाळांच्या घरातली, लोणी काढणारी, चीज करणारी. नदीतल्या राक्षसीचे डोळे सूपच्या बशीएवढे असतात असं ती एका पुस्तकात वाचते, आणि काय करते? घरातली बशी मोजून बघते. आठ इंच. मग लहान भावाला आमिष म्हणून काठावर बसवते आणि स्वतः तवा घेऊन झुडपाआड उभी राहते. मी सत्तावीस वर्षं अकाउंट्समध्ये काढली. ऑडिटला मला ही पोर हवी होती. तिच्या मदतीला वीतभर उंचीचे निळे बुटके येतात, मारामारीला एका पायावर तयार, चोरीत पटाईत, भितात फक्त वकिलांना. लहानपणी मी 'अलबत्या गलबत्या'तल्या चेटकिणीला भिऊन आईच्या पदरात तोंड लपवलं होतं. इथं पोरगी स्वतःच चेटकीण व्हायचं ठरवते, कारण गावानं एका एकट्या म्हातारीला चेटकीण ठरवून मरू दिलं, त्याचा तिला राग असतो. विनोदी पुस्तक म्हणून लोक हे देतात. ते पान मी विनोदी म्हणून वाचू शकले नाही.

डायाना विन जोन्स यांचं 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' (१९८६) तुम्ही श्रावणात दिलंत. टोप्या शिवणारी सोफी एका शापानं एका क्षणात म्हातारी होते. रडत नाही. आरशात बघून स्वतःचीच समजूत घालते आणि घराबाहेर पडते. तरुणपणी तोंडातून शब्द न काढणारी ही मुलगी म्हातारी झाल्यावर जादूगारालाही झापते. माझे गुडघे ठाणे स्टेशनच्या पुलावर जे बोलतात ते ऐकून मला सोफी पटली.

पॅट्रिक नेस यांचं 'अ मॉन्स्टर कॉल्स' मात्र लोकलमध्ये वाचू नये. कल्पना शिवॉन डाउड या लेखिकेची, ती २००७ मध्ये कर्करोगानं गेली, लिहायचं राहिलं. नेस यांनी ते २०११ मध्ये पुरं केलं, जिम के यांची चित्रं. २०१२ मध्ये लेखनाचं कार्नेगी पदकही याला आणि चित्रांचं ग्रीनअवे पदकही यालाच. आजारी आईच्या मुलाकडे रात्री बारा वाजून सात मिनिटांनी एक झाड चालत येतं. ऐरोली सुटल्यावर शेवटची पानं काढली. तुर्भ्याला उतरायचं ते उतरले नाही. वाशीला गाडी रिकामी झाली तेव्हा एक कोळीण टोपली सावरत म्हणाली, "उतर बाय, आली वाशी," आणि मी काही सांगायच्या आत तिनं पदर पुढे केला. लेट मार्क लागला.

आणि ते नायजेरियातलं, ननेडी ओकोराफोर यांचं 'अकाटा विच'. तेही २०११ चं. त्यात काही नवीन शिकलं की वरून धातूच्या वाकड्या सळ्या टपटप पडतात. तीच त्यांची नाणी, चिट्टिम. सगळ्यात मोलाची तांब्याची, सगळ्यात हलकी सोन्याची. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही पंख्याच्या मोटरमधली तार सोलत होतात. जरा विचार करून म्हणालात, "तांब्याचं बरोबर आहे. सोन्याचं तुम्ही परत एकदा नीट वाचा."

दहावी झाली. मार्क बरे आहेत. गाइडं मागच्या आठवड्यात तुमच्याकडे आली, तो खण पुन्हा जादूगारांचा झाला, आणि खालचा अर्धा माझा.

राहिलं ते दुसरं पुस्तक. लेक म्हणते, मागवलं तर दोन दिवसांत घरी येईल. मी पहिलं वाचलं, तिसरंही वाचून काढलं, मधलं नाही. गोष्ट सांगायला ती तयार नाही, एकच धागा दिलाय. त्यात एक लहान मुलगी आहे. तिला देवळातल्या सेवेसाठी घरातून नेतात आणि तिचं नाव काढून घेतात. टेनार असते, तिची अर्हा करतात. म्हणजे खाऊन टाकलेली.

काका, लग्नात ताटात तांदूळ पसरून, अंगठीनं त्यात रेघ ओढून माझं नवीन नाव लिहिलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. मीही हसत होते, फोटोत दिसते तशी. नंतर ते तांदूळ कुणीतरी ओंजळीनं परत पिशवीत भरले. जुन्या नावानं हाक मारणारी आई एकटीच उरली होती, तीही आता नाही. तुम्ही पहिल्या दिवसापासून ताई म्हणता. म्हणून हे पुस्तक मला दोन दिवसांत दारात नकोय. कुणीतरी वाचून सुरकुतवलेलं, तुमच्या फळीखालून निघालेलं हवंय. निघेल तेव्हा निघेल.

शनिवारी पेपर घेऊन येते. पावसाची झड आत येतेय, डावीकडचा ढीग जरा सरकवून ठेवा. इंग्रजी पेपर वेगळे बांधलेत, भाव बघून लावा. आणि मागच्या वेळी दिलंत तेही ते नव्हतं. पण कणा चांगला मोडलाय, ठेवून घेतलं.

आपली,
साडेचार किलोवाली ताई