बर्फ दिसला म्हणजे हिमनदी आहे असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली आपल्याकडची मंडळीही पेरू-बोलिव्हियाच्या टूरला जायला लागलीयेत आणि बोलिव्हियातल्या ला पाझ शहरातून एका दिवसात होतो म्हणून चाकालताया डोंगर बऱ्याच जणांच्या कार्यक्रमात असतो, आम्हीही गेलो. आमच्या माहितीपत्रकात "जगातलं सगळ्यात उंच स्की रिसॉर्ट" असं छापलेलं होतं, पण तिथली हिमनदी २००९ मध्येच पूर्ण संपलीये, हे एका शब्दाने कुठे नव्हतं. म्हणून हे पत्र.

गाडी ५,२०० मीटरच्या वर जाते. तिथून माथा चालत, साधारण ५,४०० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या तिप्पटीहून जास्त, हवा इतकी विरळ की थोडी पावलं टाकली की थांबावंच लागतं आणि डोकं ठणकायला लागतं. १९३९ मध्ये सुरू झालेल्या क्लबचे लोक जिथे स्कीइंग करायचे तिथे आता बंद पडलेली इमारत, स्कीवाल्यांना वर ओढून नेणाऱ्या दोराचा गंजका सांगाडा आणि उतारभर नुसते दगड. जवळच कॉस्मिक किरणांची, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या किरणांची, प्रयोगशाळा आहे, ती अजून चालू आहे; १९४७ मध्ये इथे ठेवलेल्या फोटोप्लेट्समुळे पायॉन नावाच्या अणूहूनही छोट्या कणाचा शोध पक्का झाला. समोरचा हुआयना पोतोसी डोंगर मात्र अजून पांढराशुभ्र दिसतो आणि त्यामुळे हा उघडा उतार बघताना जास्तच वाईट वाटतं.

आम्ही गेलो त्याच्या आदल्या रात्री थोडा बर्फ पडला होता, तर ग्रुपमधले काहीजण फोटो काढत म्हणाले, बघा, बर्फ तर आहे की, उगाच बोंब मारतात. मला राहवलं नाही, मी तिथेच बोलले. रात्री पडलेला बर्फ ऊन चढलं की जातो. हिमनदी म्हणजे वर्षानुवर्षं साचलेला, स्वतःच्याच वजनाने दाबून घट्ट झालेला आणि हळूहळू खाली सरकणारा बर्फ, आणि इथला तर शास्त्रज्ञांच्या अंदाजाने १८,००० वर्षांचा होता! तिथे बर्फ पडायचे महिने आणि उन्हाळा एकच, त्यामुळे त्या महिन्यांत बर्फ कमी पडला की जुना मळका बर्फ थेट उन्हात उघडा पडतो, मग कडेचे काळे खडक दिसायला लागतात, ते तापतात आणि उरलेला बर्फ आणखी वेगाने वितळतो. हिमनदी मुळात छोटीच, १९४० च्या सुमारास ०.२२ चौरस किलोमीटर, त्यामुळे तिला हे सोसवलं नाही. एडसन रामिरेझ हे बोलिव्हियाचे शास्त्रज्ञ ती २०१५ पर्यंत टिकेल म्हणत होते, ती सहा वर्षं आधीच गेली.

प्रश्न स्कीइंगचा नाहीच, पाण्याचा आहे. ला पाझ आणि वरच्या एल आल्टो शहराला कोरड्या महिन्यांत आसपासच्या हिमनद्यांचं पाणी म्हणजे अडीअडचणीला मोडायची ठेव. नोव्हेंबर २०१६ मध्ये दुष्काळात धरणं आटली, ला पाझच्या कितीतरी वस्त्यांत नळ कोरडे पडले आणि सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. या एवढ्याशा हिमनदीवर शहर जगत नव्हतं हे खरं, पण शेजारच्या मोठ्या हिमनद्याही आक्रसतायत.

माझी विनंती एवढीच की आपल्या पर्यटन पुरवणीत चारधाम, मनाली, लडाखचे लेख येतात त्यात हॉटेल आणि खाण्यापिण्याबरोबर हेही येऊ द्या. गोमुखाला आपली इतकी माणसं जातात, गंगोत्री हिमनदीचं तोंड पूर्वी कुठे होतं आणि आता कुठवर मागे गेलंय हे नकाशासकट छापा. हिमाचलातल्या छोटा शिग्री हिमनदीची मोजणी २००२ पासून चालू आहे, ती करणाऱ्या शास्त्रज्ञांना लिहितं करा. उन्हाळी सुट्टीचं बुकिंग सुरू व्हायच्या आत आलं तर टूरवाले पण वाचतील.

आपली,
एक वाचक, पुणे