भाडेकरारावर ‘पादत्राणे’ हा शब्द लिहिणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

दुकान सुरू होऊन आज तीन आठवडे झाले. दुपारी सोलापूरच्या उन्हात गिऱ्हाईक फिरकत नाही, म्हणून वडिलांची चामडे कापायची रापी बाजूला ठेवून हे पत्र लिहीत आहे.

पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत आम्हा चर्मकारांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. पण ती अवजारे मांडायला गाळा कोण देणार, हा प्रश्न ज्याचा त्यानेच सोडवायचा असतो. आपल्याकडे येण्यापूर्वी मी सात मालकांना भेटलो. बहुतेकांनी ‘चामड्याचा वास येतो’ असे सांगितले. त्यांपैकी एका गृहस्थांच्या पायांत त्या वेळी उत्तम कोल्हापुरी होती! ज्या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या क्षेत्रात आपला सोलापूर जिल्हाही आहे. म्हणजे वहाण चालते, ती शिवणारा शेजारी चालत नाही. (खरे सांगायचे तर दुकानात वास येतो तो सोल्युशनचा, आणि तो शेजारच्या पंक्चरवाल्याकडेही येतो.)

म्हणूनच करार करताना दलालाने व्यवसायाच्या रकान्यात ‘बॅग दुरुस्ती’ असे लिहिले, तेव्हा मी गप्प राहिलो. त्याची लाज मला अजून वाटते. आपण चष्मा लावून मसुदा वाचलात, ते शब्द खोडलेत आणि स्वतःच्या अक्षरात ‘पादत्राणे व चामडी वस्तू : निर्मिती आणि दुरुस्ती’ असे लिहून शेजारी सही केलीत. “जे करणार तेच लिहायचे, आणि पाटीवरही हेच, शुद्ध,” एवढेच आपण म्हणालात. अनामत रकमेत दिलेली सवलत मोठी होती, हे मी जाणतो. तरीही रात्री झोपताना मला आठवते ती ती खाडाखोड. वडिलांनी आयुष्यभर रस्त्याकडेला छत्रीखाली काम केले, त्यांच्या धंद्याचे नाव कोणत्याही कागदावर कधी आले नव्हते. मी तो करार त्यांना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. माणुसकीला फार खर्च येत नाही, हे आपल्याकडे पाहून पटते. मग इतरांना ती इतकी महाग का पडते, हे मात्र कळत नाही.

सही करताना आपल्या उजव्या चपलेचा अंगठा उसवलेला दिसला होता. कृपया ती पाठवून द्यावी. फुकट केलेले आपल्याला आवडणार नाही, म्हणून पाटीवरच्या दरानेच पैसे घेईन.

आपला नम्र,
गाळ्यातला चर्मकार