रूळ उचलाल, पाणी कुठे जाईल?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बोरिवली-विरार पाचव्या-सहाव्या मार्गिकेची बातमी आपण काल पहिल्या पानावर दिलीत. पावसाळ्यात लोकल बंद पडू नये म्हणून रूळ उंच करणार, पंप वाढवणार, गाडीचा रूळ बदलणाऱ्या पॉइंटच्या मोटारी पाण्यापासून वाचवणार, असे सगळे तपशील त्यात आहेत. रुळांखालून पाणी पलीकडे जाऊ देणाऱ्या मोऱ्यांबद्दल मात्र एक ओळही नाही. नालासोपारा पूर्वेला तळमजल्यावर राहणाऱ्या आम्हा लोकांना ही बातमी वाचून काय वाटेल, याचा विचार आपल्या वार्ताहराने करायला हवा होता.

वसईपासून विरारपर्यंत लोहमार्ग उत्तर-दक्षिण जातो. पावसाचे पाणी तुंगारेश्वरच्या डोंगराकडून निघते आणि पश्चिमेला खाडीकडे जाऊ पाहते. म्हणजे 1864 साली इथून गाडी धावू लागली तेव्हापासून रेल्वेचा भराव पाण्याच्या वाटेत आडवा पडलेला आहे. तेव्हा पूर्वेला भातशेती होती, पाणी दोन दिवस थांबले तरी कुणाचे बिघडत नव्हते. आता तिथे चाळी आणि इमारती आहेत. पाण्याला पलीकडे जायची वाट मात्र तीच, मोऱ्यांची. रूळ वर उचलले की गाडीची सोय होते आणि आमच्या बाजूने बांध आणखी उंच होतो. त्यात दोन मार्गिका वाढल्या की भराव रुंद होणार, मोऱ्या लांबवाव्या लागणार. तोंड तेवढेच ठेवून मोरी लांबवली तर पाणी आणखी सावकाश जाते, आणि आतला गाळ काढणे जिकिरीचे होते. हे समजायला इंजिनीअर असावे लागत नाही, जुलैत आमच्याकडे राहावे लागते.

जुलै 2018 चा पूर सगळ्यांच्या लक्षात आहे. वडोदरा एक्स्प्रेस अडकली, एनडीआरएफच्या जवानांनी प्रवासी उतरवले, सगळ्या वर्तमानपत्रांतून त्याचे फोटो आले. त्या वेळी रुळांच्या दोन्ही बाजूंना पाणीच पाणी होते, त्यामुळे भरावाकडे कुणाचे लक्ष गेले नाही. पण त्यानंतरच्या एका जुलैत संध्याकाळी मी गाडीतून उतरून पादचारी पुलावर उभा होतो. गाड्या उशिराने का होईना, चालू होत्या. पश्चिमेच्या रस्त्यावर पाणी घोट्याएवढे, लोक पँट दुमडून चालत होते. पूर्वेला रिक्षांच्या सीट बुडाल्या होत्या. मधे रूळ, आणि रुळांवर गाडी. पाऊस थांबला, तरी आमच्या बाजूचे पाणी रात्रभर हलले नाही. जिन्याखालच्या मीटरच्या पेट्यांना पाणी लागेल म्हणून इमारतीची वीज बंद केली. माझ्या अंथरुणाला खिळलेल्या आईला शेजारच्या मुलांनी खुर्चीत बसवून अंधारात दुसऱ्या मजल्यावर नेले. धान्य गेले, गाद्या गेल्या. भिंतीला पोपडे अजून धरतात.

पाणी ओसरल्यावर मी जवळच्या मोरीपाशी गेलो. तोंडाशी जलपर्णीचा गठ्ठा, थर्माकोल, एक फाटकी गादी आणि कुणाच्या तरी बांधकामाचा राडारोडा. फोटो काढून एका कार्यालयात दिले. तिथे सांगितले, मोरी रुळाखाली येते, आमची हद्द अलीकडे संपते. दुसऱ्या कार्यालयात गेलो. तिथे म्हणाले, रुळाखालची सफाई झालेली आहे, तोंडाशी येणारा कचरा बाहेरचा, तो आमच्याकडे येत नाही. दोन्ही हद्दींच्या मधे जो दहा-बारा फुटांचा तुकडा उरतो, त्यात आमचे सगळे पाणी अडते. तो तुकडा कुणाचा, हे मला आजतागायत कुणी लेखी दिलेले नाही.

समुद्राची पातळी वाढते आहे, कमी वेळात जास्त पाऊस पडतो आहे, हे आता शाळेतली मुलेही सांगतात. उधाणाच्या भरतीला मोरी साफ असली तरी पाणी पुढे सरकत नाही. ते तेवढे तास थांबायला जागा लागते. 2018 नंतर वसई-विरार महापालिकेने नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या आणि आयआयटीच्या तज्ज्ञांकडून अभ्यास करून घेतला, त्यात पाणी साठवून धरणाऱ्या धारण तलावांची शिफारस होती. ते तलाव खोदायचे सोडून सखल जमिनींवर आणि मिठागरांवर डंपर रिकामे होत आहेत. तिवरे तोडायची झाली तर उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालामुळे निदान कोर्टाची पायरी तरी चढावी लागते. पाणी जिरवणाऱ्या खाजणाला, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीच्या जमिनीला, प्रत्यक्षात तेवढेही संरक्षण मिळताना दिसत नाही. मार्गिकेसाठी तिवरे जाणार असतील, तर जिथून ती जातील त्याच खाडीच्या काठी लावा. लांबच्या कुठल्या जिल्ह्यात लावलेली झाडे वसईचे पाणी अडवणार नाहीत.

आम्ही मार्गिकांच्या विरोधात नाही. विरार लोकलमध्ये सकाळी उभे राहणाऱ्या कुणाला जादा गाडी नको असेल? 2019 ला मंजुरी मिळालेले हे 26 किलोमीटरचे काम उद्या पूर्ण झाले तर पेढे वाटू. पण कामाच्या निविदेत मोऱ्यांची रुंदी वाढवणे, त्यांची सफाई कुणी करायची आणि भरतीच्या वेळी पाणी कुठे थांबवायचे, हे रुळांच्या उंचीइतक्याच ठळकपणे लिहिलेले असले पाहिजे. काम सुरू असलेल्या प्रत्येक स्थानकावर मोऱ्यांचा नकाशा लावा, जुनी रुंदी आणि नवी रुंदी शेजारी शेजारी दाखवा. प्रवासी वाचतील.

आणि विरारच्या पुढच्या लोकांकडेही एकदा बघा. माझी मुलगी पालघरला नोकरीला जाते. डहाणूपर्यंत लोकल 2013 ला सुरू झाली, पण रूळ दोनच, त्यावरच मेल, त्यावरच मालगाड्या. चौपदरीकरण 2016 ला मंजूर झाले, मुदती पुढे पुढे सरकत आहेत. पाऊस वाढला की आधी डहाणू लोकल रद्द होते आणि पुढची कधी, हे फलाटावर कुणी सांगत नाही. सफाळे, केळवे रोडच्या बायका भाजीच्या पाट्या घेऊन विरारला तासन् तास बसून असतात. त्यांचा फोटो पहिल्या पानावर कधी आलेला मी पाहिलेला नाही. या पावसाळ्यात तो छापावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, नालासोपारा (पूर्व)