गाडी सत्तरला मिसिंग करते आणि तुम्ही ती तीसने चालवून बघता

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग प्रमुख,
कंपनीचं मुख्य कार्यालय

विषय: एकसारख्या स्पीडला इंजिन मिसिंग (मध्येच एखादा सिलिंडर न पेटणं), निदान न करताच पार्ट बदलले, गाडीच्या कॉम्प्युटरमधला फॉल्ट कोड न सांगता उडवला आणि वरून बिल लावलं, याबद्दल

नमस्कार,

तुमच्या ॲपमधून तक्रार टाकली की 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा मेसेज येतो आणि गाडी जशीच्या तशी, म्हणून आता सरळ पत्रच लिहितेय. लांबलंय, पण पूर्ण वाचा, कारण तुमच्या सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, यातलं अर्धंही लिहिलेलं नाही.

गाडी २०२३ चं मॉडेल, पेट्रोल, मॅन्युअल, चार सिलिंडर, आणि वर पैसे भरून घेतलेली एक्स्टेंडेड वॉरंटी. मी घाटकोपरला राहते, ऑफिस न्हावाशेवाला, त्यामुळे रोजचा रस्ता ईस्टर्न फ्रीवे आणि शिवडीहून पुढे अटल सेतू. म्हणजे मुंबईत राहूनही मला रोज बराच वेळ टॉप गिअरमध्ये एकाच स्पीडला गाडी चालवायला मिळते, जे बहुतेकांच्या नशिबात नसतं, आणि म्हणूनच हा प्रॉब्लेम मला कळला. ७० ते ८० च्या मध्ये, पाचव्या गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवर हलका ठेवून गाडी निवांत चाललेली असताना इंजिन मधूनच बारीकसा झटका देतं, माणसाला चालता चालता उचकी लागावी तसं. मग थोडा वेळ काही नाही, मग लागोपाठ दोन-तीन. सिग्नलला उभी असताना एकदम स्मूथ, ट्रॅफिकमध्ये स्मूथ, सकाळी थंड इंजिन असतानाही काही नाही. इंजिन नीट तापल्यावरच सुरू होतं. आणि त्याच स्पीडला चौथा गिअर टाकला की जवळजवळ गायब. हे सगळं मी पहिल्याच दिवशी सर्व्हिस ॲडव्हायझरला असंच्या असं सांगितलं होतं. त्याने जॉब कार्डवर लिहिलं, 'पिकअप कमी'. पिकअपबद्दल मी एक शब्द बोलले नव्हते हो.

मग टेस्ट ड्राइव्ह. कुठे, तर एलबीएस मार्गावर, संध्याकाळी. तिथे मेट्रोचं काम, रिक्षा, बेस्टच्या बस, तिसरा गिअर पडला तरी नशीब म्हणायचं. जॉब कार्डवर गाडी आत येतानाचं आणि बाहेर जातानाचं रीडिंग बघा, दोन किलोमीटरचा फरक आहे. तेवढ्यात इंजिन धड गरमही होत नाही, ७० चा स्पीड तर लांबच राहिला. आणि रिमार्क काय, तर 'रोड टेस्ट ओके'.

मी ऐकेना म्हटल्यावर कारणं सुरू झाली. पहिलं म्हणजे, मॅडम ते ब्रिजचे जॉइंट लागतात. अहो, एक्स्पान्शन जॉइंट चौथ्या गिअरमध्ये पण लागेल ना? तो गाडीचा गिअर बघून धक्का देतो का? आणि जॉइंटचा धक्का चाकातून सीटला येतो, हा येतो तेव्हा टॅकोमीटरचा (आरपीएमचा) काटा किंचित थरथरतो, हा फरक रोज गाडी चालवणाऱ्या माणसाला कळतो. दुसरं कारण पेट्रोल. हल्ली काहीही झालं की दोष ई-२० चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा. गाडी ई-२० साठीच बनवलेली आहे, टाकीच्या झाकणाच्या आत तुमच्याच कंपनीचं स्टिकर आहे तसं. आणि दोष पेट्रोलचा असता तर चारही सिलिंडरना झाला असता, कारण चारही इंजेक्टरना (सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या पार्टना) पेट्रोल एकाच फ्युएल रेलमधून, म्हणजे एकाच नळीतून जातं. ते एकाच सिलिंडरला कसं बरं बाधेल?

'एकाच' कशावरून म्हणतेय ते सांगते. सेतूवर एके सकाळी चेक इंजिनची लाईट लागली. तिथे थांबायला बंदी, म्हणून ऑफिसच्या पार्किंगमध्ये जाऊन गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट कोड वाचणारा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर लावला. तो स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये नुसता खोचायचा असतो, एक स्क्रूसुद्धा उघडायला लागत नाही, हे मुद्दाम लिहितेय, नाहीतर उद्या म्हणाल बाहेर काम केलंत म्हणून वॉरंटी गेली. कोड आला पी-०३०२. पी-०३०० आला असता तर मिसफायर (पाळी असूनही सिलिंडर न पेटणं) कुठल्याही सिलिंडरला होतोय असं म्हणता आलं असतं, शेवटचा अंक दोन म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर. सोबत फ्रीझ फ्रेम होती, म्हणजे कोड पडला त्या क्षणी गाडी काय करत होती त्याची नोंद: स्पीड ७४, आरपीएम १९५०, कूलंट ९१ डिग्री. मी तोंडाने जे सांगत होते तेच गाडीने स्वतः लिहून ठेवलेलं, अजून काय पुरावा पाहिजे? फ्युएल ट्रिमही बघितलं, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतो-घटवतो ते, ते साधारण अधिक तीन टक्क्यांवर आहे, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) पण तेवढंच. कुठून हवा आत ओढली जात असती तर आयडलला ते बरंच वर गेलं असतं. या सगळ्याचे स्क्रीनशॉट ईमेलला जोडलेत.

हे ओळखणं काही अवघड नाही. क्रँकशाफ्टचा सेन्सर प्रत्येक स्फोटानंतर क्रँकला किती वेग मिळाला ते मोजत असतो, ज्या सिलिंडरच्या पाळीला तो वेग मिळत नाही तो मिसफायर म्हणून मोजला जातो. २००० आरपीएमला एक सिलिंडर मिनिटाला हजार वेळा पेटतो. त्यातले वीस-तीस चुकले तर अंगाला जेमतेम जाणवणार, पण कॉम्प्युटरला सगळे दिसतात. तुमच्या हजारो रुपयांच्या स्कॅनरमध्ये मोड सिक्स, म्हणजे गाडीने स्वतः केलेल्या टेस्टचे आकडे, उघडलं असतं तर सिलिंडरवार मिसफायरचे आकडे समोर आले असते. माझ्या फोनमधल्या ॲपमध्ये दिसतात, एक, तीन, चारच्या समोर शून्य आणि दोनच्या समोर आकडा.

एवढं सगळं घेऊन मी परत सेंटरला गेले. स्क्रीनशॉट बघून ॲडव्हायझर म्हणाला, मॅडम ही मोबाईलची ॲप काहीही दाखवतात. ठीक आहे, तुमचा स्कॅनर लावा म्हटलं. गाडी आत नेली, मला बाहेर सोफ्यावर बसवून चहा दिला (चहा चांगला होता, उगाच खोटं बोलणार नाही), आणि जॉब कार्डवर आलं 'फॉल्ट कोड नाही'. लाईट मात्र गेलेली. घरी येऊन मी पुन्हा स्कॅनर लावला. त्यात 'कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर' असा एक आकडा असतो, तो ॲप बनवत नाही, गाडीचा कॉम्प्युटर देतो. तो आकडा होता फक्त सेंटर ते माझं घर एवढाच. कॅटॅलिस्ट आणि ऑक्सिजन सेन्सरच्या रेडीनेस टेस्ट (गाडी स्वतःच करते त्या तपासण्या) 'अपूर्ण' दाखवत होत्या, त्याही कोड पुसल्यावर तशा होतात. म्हणजे कोड होता, तो बघितला किंवा न बघताच उडवला, त्याबरोबर फ्रीझ फ्रेमही गेली, आणि मला लेखी दिलं की काही नव्हतंच. माझी खरी तक्रार ही आहे. पार्ट कुठलाही खराब होऊ शकतो, त्याचा मला राग नाही, पण नोंद पुसून 'नव्हतीच' म्हणणं ही लबाडी आहे.

आता बिल. चारही स्पार्क प्लग बदलले, तेही मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी. थ्रॉटल बॉडी क्लीनिंग. इंजिन डीकार्ब, म्हणजे आतला कार्बन काढणं. टाकीत ओतायची इंजेक्टर क्लीनरची बाटली. मिळून ८,४६० रुपये. दुसऱ्या दिवशी सेतूवर तेच झटके. यात एक गोष्ट लक्षात आली का तुमच्या? प्लग, क्लीनिंग, बाटली, हे सगळं वॉरंटीत बसत नाही, मी पैसे भरते. आणि इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देते ती), इंजेक्टर हे वॉरंटीत बसतं, पैसे तुम्ही भरता. जे माझ्या खिशातून जातं ते सगळं करून झालं, जे तुमच्या खिशातून जाईल त्याला कोणी हातसुद्धा लावला नाही. हा योगायोग असेल तर तसं लेखी कळवा, वाचायला आवडेल.

खरं तर प्लग नवीन टाकून झटके तसेच राहिले म्हटल्यावर यादी छोटी होते. टॉप गिअरमध्ये कमी आरपीएमला तोच स्पीड ठेवायचा तर दर स्ट्रोकला सिलिंडरवर लोड जास्त येतो, आतला दाब वाढतो, आणि दाब वाढला की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, कमजोर कॉइल तिथेच दगा देते, तापल्यावर तर अजूनच. चौथ्या गिअरमध्ये झटके का जातात ते यातून समजतं. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाब धरून ठेवणं) गेलं असतं तर आयडलला इंजिन एवढं स्मूथ राहिलं नसतं. म्हणून दोन नंबरची कॉइल काढून चार नंबरला लावा, चारची दोनला, आणि गाडी चालवा. कोड पी-०३०४ झाला तर कॉइल दोषी, पी-०३०२ च राहिला तर इंजेक्टरची तीच अदलाबदल करा, आणि त्यानेही नाही कळलं तर मग कॉम्प्रेशन. कॉइलची अदलाबदल करायला बहुतेक गाड्यांना दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि नवीन पार्ट एकही लागत नाही, पण त्याचं बिल होत नाही ना.

'बारीकसाच झटका आहे, चालवा' असंही मला सांगण्यात आलं. पावसाळ्यात लोणावळ्याला जाताना बोरघाटात हीच लाईट चक्क ब्लिंक झाली. तुमच्याच मॅन्युअलमध्ये लिहिलंय की ब्लिंक झाली तर स्पीड कमी करा आणि लगेच वर्कशॉप गाठा, कारण न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होऊ शकतो. ॲडव्हायझरचं म्हणणं, ब्लिंक म्हणजे सेन्सरचं काहीतरी असेल. उद्या कन्व्हर्टर गेला तर त्याची किंमत काय असते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि तेव्हा 'ग्राहकाने गाडी तशीच चालवली' असं म्हणायला तुम्ही मोकळे. तसं होऊ नये म्हणून ते आत्ताच लिहून ठेवतेय: मी सांगितलं होतं, तुम्ही चालवा म्हणालात.

आता मला काय पाहिजे ते. स्कॅनर लावून, इंजिन पूर्ण तापवून, ७५ च्या आसपास पाचव्या गिअरमध्ये टेस्ट ड्राइव्ह, माझ्यासोबत. सिलिंडरवार मिसफायरचे आकडे ड्राइव्हच्या आधीचे आणि नंतरचे प्रिंट करून माझ्या हातात. कोड मला दाखवल्याशिवाय पुसायचा नाही. कॉइल आणि इंजेक्टरची अदलाबदल वर लिहिलीय तशी, आणि जो पार्ट निघेल तो वॉरंटीत. ८,४६० परत. प्लग ठेवून घेते, बदलून झालेच आहेत, पण त्यांचेही पैसे परत पाहिजेत, कारण मी ते मागितले नव्हते. आणि 'फॉल्ट कोड नाही' हे कोणी आणि कशाच्या आधारावर लिहिलं त्याचं लेखी उत्तर. फीडबॅकवाल्या कॉलला 'मॅडम प्लीज दहापैकी दहा द्या' म्हणून गळ घालणं तेवढं बंद करा, त्या मुलीचा काही दोष नाही पण मी दहा देणार नाहीये.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर, तक्रार नोंदवणार आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात. तुमचं मुख्य ऑफिस मुंबईत नाही हे माहीत आहे, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथेही तक्रार करता येते, त्यामुळे तारखेला तुम्हालाच इकडे यावं लागेल.

टेस्ट ड्राइव्हसाठी रविवारी सकाळी सातला मला जमेल, त्या वेळी फ्रीवे मोकळा असतो. सेतूवर न्यायची असेल तर टोल मी भरते, तुमच्या माणसाने फक्त स्कॅनर चार्ज करून आणावा.

आपली,
एक ग्राहक, घाटकोपर, मुंबई
(नाव, गाडी नंबर आणि जॉब कार्डच्या कॉपी ईमेलसोबत)