हॉलचा बीम वाकत चालल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. प्रकल्प व्यवस्थापक यांस,

विषय: जुळे सोलापूर येथील घराच्या बीममध्ये वरच्या सळ्या कमी टाकल्याबाबत

महोदय,

एप्रिल 2019 मध्ये तुम्ही आमच्या घराचा स्लॅब टाकला. हॉलवरचा 5 मीटर लांबीचा बीम तेव्हापासून वाकतोच आहे. परवा दोन्ही टोकांना खिळे ठोकून दोरी ताणली आणि मधोमध पट्टी धरली, तर 24 मिलिमीटरचा झोल भरला. खालच्या पार्टिशनची काच सरकत नाही. वरच्या विटांच्या भिंतीत तिरकी भेग पडली आहे, तीत रुपयाचं नाणं सहज शिरतं.

तुमचे इंजिनिअर म्हणाले, "काँक्रीट थोडं वाकणारच, त्यात सोलापूरचं ऊन." वाकणार, हे मान्य. पण आयएस 456 (काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक) प्रमाणे एकूण वाक लांबीच्या 250 व्या भागापर्यंत चालतो, म्हणजे इथे 20 मिलिमीटर. आणि ऊन काय नकाशा पास झाल्यावर पडायला लागलं?

खरं दुखणं वरच्या सळ्यांचं आहे. नकाशात 16 मिलिमीटरच्या तीन सळ्या आहेत. सेंट्रिंगवर काढलेल्या फोटोत मात्र 10 च्या दोनच दिसतात, रिंगा अडकवण्यापुरत्या. वरचं काँक्रीट कायमच्या ओझ्याखाली वर्षानुवर्षं दबत जातं. तिथे सळई असली की ती भार अंगावर घेते आणि दबणं कमी होतं. सुकताना काँक्रीट आखडतं तेव्हाही तेच: खालच्या जाड सळ्या आखडू देत नाहीत, वरची बाजू मोकळी आखडते, मग बीम खालीच वाकणार. भाच्याने (तो सिव्हिल इंजिनिअर आहे) अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या सूत्राने हिशोब मांडला. वर सळई नसेल तर पाच वर्षांत सुरुवातीच्या वाकाच्या दुप्पट वाक आणखी वाढतो. वर बीमच्या छेदाच्या एक टक्का सळई असली तर ही वाढ सव्वापट-दीडपटीच्या मध्येच थांबते. आमच्या नकाशातलं लोखंड साधारण तेवढंच होतं. बिलात त्याचे पैसे लावले आहेत.

शिवाय टेकू नवव्या दिवशी काढले. एवढ्या बीमला 14 दिवस ठेवायचे असतात. पुढच्या साईटवर हवे होते म्हणे.

सळ्यांची मशीनने तपासणी करून लेखी अहवाल द्या आणि बीम तुमच्या खर्चाने मजबूत करून द्या. पंधरा दिवसांत उत्तर हवं. गिलाव्याचा माणूस पाठवू नका. मागचा आला तो भेगेत पुट्टी भरून, चहा पिऊन गेला.

आपला,
घरमालक, जुळे सोलापूर

सोबत: नकाशा, फोटो व बिलाची प्रत