साहेब, सड्यावर बंगले आणि आमच्या पडवीवर ताडपत्री

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा आपण आमच्या गावावरून सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर गेलात. बंगल्यांच्या दुसऱ्या टप्प्याचं भूमिपूजन आपल्या शुभहस्ते झालं, त्याबद्दल अभिनंदन. खाली तिठ्यावर आम्ही वीस-बावीस जण निवेदन घेऊन दोन तास उभे होतो. गाड्या थांबल्या नाहीत. मुहूर्त टळायला नको, हे कळतं. निवेदन पावसात भिजलं, म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मारुतीच्या देवळासमोर आपण म्हणाला होतात, “गावठाणवाढीचं माझ्यावर सोडा, पुढच्या पावसाळ्याआधी करून देतो.” टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. हा त्यानंतरचा तिसरा पावसाळा.

आमच्या घरात दोन भावांचे संसार आणि आई, अशी नऊ माणसं. घर तीन खणांचं. आईच्या नावावर घरकुल मंजूर झालंय, १ लाख २० हजारांचं. गावठाणात वीतभर जागा उरलेली नाही, म्हणून घराला लागूनच, आमच्याच वावरात बांधायचं ठरवलं. कार्यालयात गेलो तर उत्तर मिळालं, “तुमचं गाव इको-सेन्सिटिव्हमध्ये येतं, परवानगी मिळणार नाही.” तसं लेखी द्या म्हटलं, तर लेखी देत नाहीत. आई गेल्या वर्षापासून पडवीत झोपते. वर ताडपत्री आहे. पाणी साचून ताडपत्रीला मधोमध पोट सुटतं, रात्री दोनदा उठून काठीनं पाणी ढकलावं लागतं, नाहीतर सगळं आईच्या अंथरुणावर. ते काम माझं. हे पत्रही त्याच वेळात लिहिलंय. भाषा कुठे घसरली तर जागरणाच्या खात्यावर मांडा.

जागरणात वाचनही झालं. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या, म्हणजे याच इको-सेन्सिटिव्हच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा १० मार्च २०१४ चा. सहावा ३१ जुलै २०२४ ला निघाला, वायनाडमध्ये दरडीखाली शेकडो माणसं गाडली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. वायनाड ३० जुलैचं. माळीणही ३० जुलैचंच, २०१४ चं, तिथे दीडशेवर माणसं गेली. दहा वर्षांत सहा मसुदे! आणि त्या मसुद्यात लिहिलंय काय? बंदी आहे ती २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या नव्या बांधकामांना, ५० हेक्टर आणि त्यावरच्या नगर वसाहतींना. आहे त्या राहत्या घराची दुरुस्ती करायला, घर वाढवायला मनाई नाही. आमचं घरकुल २५ चौरस मीटरचं. म्हणजे २०,००० चौरस मीटरमध्ये आमच्यासारखी आठशे घरकुलं बसतात. आम्ही एकच मागतोय.

तुमच्या सड्यावरच्या पाटीवर प्रकल्प ४८ हेक्टरचा लिहिलाय. ५० ला बंदी, हा ४८ चा. ते दोन हेक्टर ज्यानं कुणी वाचवले त्याच्या पर्यावरणप्रेमाचा जाहीर सत्कार व्हायला हवा. पहिल्या टप्प्यातला नमुना बंगला बांधून दीड वर्ष झालं, अजून कुणी राहायला आलेलं नाही. दिवे मात्र रात्रभर चालू असतात. आमच्या पडवीतून दिसतात.

सडा म्हणजे पडीक जमीन, असं आपण भाषणात म्हणालात. साहेब, सड्याचा जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी तो पोटात घेतो आणि खाली झऱ्यातून हळूहळू सोडतो. त्या झऱ्यावर आमची पन्नास घरं मे महिना काढतात. यंदा जेसीबीनं सडा सपाट केला, पहिल्याच पावसात झरा लाल झाला. चार दिवस हंड्याच्या तळाला बोटभर चिखल बसत होता. फडक्याच्या तीन घड्या करून गाळलं तरी चहाला मातीचा वास यायचा. सहा मसुद्यांपैकी एकालाही तो वास आला नसावा.

आमच्या घराण्याला सरकारी विकास नवा नाही. आजोबांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली, शिवसागरात आहे. वर येऊन त्यांनी नवं घर बांधलं, ते ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात बसलं. १९८५ ला अभयारण्य आलं, २०१० ला व्याघ्र प्रकल्प, २०१२ ला जागतिक वारसा. आधी तुम्हाला वीज हवी होती, मग वाघ हवा होता, मग वारसा. आता शनिवार-रविवार हवाय. दर वेळी सरकायचं आम्हीच. नवीन महाबळेश्वर या गिरिस्थान प्रकल्पासाठी २३५ गावांची यादी निघाली, पुढे आणखी गावं जोडली. त्या नावात जुन्या गावांना जागा कुठे आहे, हे नकाशात भिंग लावून शोधतोय.

आणि हो, सड्यावरच्या जमिनी आमच्याच भावकीनं विकल्या, हे मी लपवत नाही. माझ्या चुलत्यानं मुलीच्या लग्नासाठी विकली. घेणाऱ्यानं शेती करणार म्हणून सांगितलं होतं. स्वतःच्या जमिनीवर खोलीची परवानगी मिळत नसेल, तर माणूस ती जमीन ठेवून करणार काय?

२०११ मध्ये माधव गाडगीळांच्या पश्चिम घाट समितीनं सांगितलं होतं की हे निर्णय ग्रामसभांपर्यंत न्या. तो अहवाल कित्येक महिने दाबून ठेवला, २०१२ मध्ये लोकांसमोर आला. मग दुसरी समिती नेमली. संवेदनशील क्षेत्र कापून घाटाच्या ३७ टक्क्यांवर आणलं आणि ग्रामसभेला झेंडावंदनापुरतं ठेवलं. समित्या दिल्लीत, मसुदे हिंदी-इंग्रजीत, आणि नकार तेवढा आमच्या तालुक्यात, तोही तोंडी.

मागण्या मी विसरत चाललोय, तुम्ही तर कधीच विसरलात. गावठाण मोजून वाढवा. ज्याची हयात इथे गेली त्याच्या घराचा आणि सड्यावरच्या रिकाम्या बंगल्याचा कागद एकाच टेबलावर, ग्रामसभेपुढे येऊ द्या. झऱ्याच्या वरची खोदाई थांबवा. आणि आईच्या घरकुलाला नाहीच म्हणायचं असेल, तर ते सही-शिक्क्यानिशी द्या.

भिजलेलं निवेदन चुलीवर वाळवून ठेवलंय. शाई पसरलीय, पण खाली उजव्या कोपऱ्यात तुमची सही मावेल एवढी जागा अजून कोरी आहे.

आपला,
तिठ्यावर उभा असलेला एक मतदार